त्राटिकेचं अस्तर

जव्हार, ९ फेब्रुवारी २०२५

योगिता,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद असतात. या पत्रात नाहीत, शोधत बसू नकोस.

तू मला फोनवर बंद केलं आहेस. उमेशची बायको मंजुषा म्हणाली, "आत्याबाई, तिनं ब्लॉक केलंय तुम्हाला, म्हणून तिचा फोटो दिसत नाही." मी म्हटलं, फोटो बघून काय करायचंय, तोंड पाठ आहे मला. तुझा पुण्याचा पत्ता कुठून मिळाला ते विचारू नकोस. माझा उभा जन्म टपालखात्यात गेला. अर्धवट पत्ता लिहून लपता येतं असं तुला वाटत असेल तर तू माझ्या घरात राहून काहीच शिकली नाहीस.

तुझं लिखाण वाचलं. मंजुषाने तिच्या फोनवर उघडून दिलं आणि स्वतः चहा ठेवायला आत गेली, म्हणजे तिने आधीच वाचलं होतं. मी दोनदा वाचलं. चहा गार झाला.

तू लिहितेस, 'पंचविशीनंतर आयुष्य बदलणं म्हणजे कातडी बदलणं.' कातडी साप बदलतो. माणसाने सरकारी दवाखान्यातली नर्सची पक्की नोकरी सोडली तर त्याला राजीनामा म्हणतात. तू लिहितेस, 'मला काय हवं आहे हे मला कुणी कधी विचारलं नाही.' मी विचारलं होतं. तू सातवीत होतीस, आपण जव्हारच्या बसस्थानकावर उभ्या होतो. तू म्हणालीस, आइस्क्रीम. ते मी घेऊन दिलं.

पुढे लिहितेस, 'आमच्या घरातल्या एका निवृत्त बाईंनी माझं आयुष्य पाकिटासारखं शिक्का मारून पाठवून दिलं.' निवृत्त बाई. तुझी आई गेल्यावर तुझा बाप तुला माझ्या क्वार्टरवर आणून सोडून गेला, तेव्हा तुला वेणी घालता येत नव्हती आणि तुझ्या डोक्यात उवा होत्या. त्या उवा कोणी काढल्या, तेही लिही. आणि शिक्का मारायचा तर पाकिटावर पत्ता असावा लागतो. तुझ्यावर तो कधीच नव्हता. मी तुला निदान पोहोचेल अशा ठिकाणी पाठवलं.

मला खरा राग कशाचा आला ते आता लिहिते. तो फोटो. गच्चीवर पाच-सहा पोरं-पोरी हातात कप घेऊन हसताहेत आणि मध्ये तू आपल्या घरची त्राटिका तोंडावर चढवून उभी. फेब्रुवारीत, गच्चीवर, जीन पँटवर. हा मुखवटा वर्षातून एकदा माळ्यावरून खाली उतरतो, बोहाड्यात गावाची सोंगं नाचतात तेव्हा. नारळ फोडल्याशिवाय त्याला कोणी हात लावत नाही. तुझा बाप त्याच्यासमोर चपला घालून उभा राहत नसे.

माळ्यावर तो नाही, याची मी उमेशकडून कालच खात्री करून घेतली. म्हणजे दिवाळीला तू जी मोठी बॅग घेऊन गेलीस, त्यात कपडे नव्हते.

तो परत पाठव.

आत्या


जव्हार, २३ फेब्रुवारी २०२५

योगिता,

उत्तर नाही. ठीक. पण नवीन लिखाण आलंय, तेही वाचलं.

या वेळी तू गेल्या वर्षीच्या बैठकीबद्दल लिहिलं आहेस. तुझे बाबा, आपला नवसू, गेले त्यानंतरची पहिली बैठक. बोहाड्यात कोणतं सोंग कोणाच्या घरचं, हे पिढ्यांपासून ठरलेलं. त्राटिका आपल्या घरची. ती नवसूनंतर कोणी नाचवायची, एवढाच प्रश्न होता. तुझा चुलतभाऊ उमेश तयार होता. तेवढ्यात तू उठून म्हणालीस, "मी नाचवते." गावात सगळ्यांत वडील ते लक्ष्या बाबा, त्यांनी विडी खाली ठेवली आणि म्हणाले, "बाय, देवीला चालंल. लोकांना चालायचं नाय." सगळे हसले. तू हे सगळं बरोबर लिहिलं आहेस. त्यानंतर लिहिलं आहेस, 'मी जिच्याकडे मदतीसाठी पाहिलं, ती मान खाली घालून पर्समध्ये चष्मा शोधत होती.'

शोधत होते. सापडत नव्हता. बैठक संपेपर्यंत सापडला नाही. माणसाचा चष्मा हरवू शकतो.

आता मुद्द्याचं. गावाने यंदाही बैठक घेतली. मी गेले होते, साखरशेतपर्यंत जीपने आणि पुढे पायी, कारण पुढे जायला जीपवाल्याला चार माणसं कमी पडत होती. उमेशला विचारलं गेलं, त्राटिका तयार आहे का. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, रंगाला दिली आहे. खोटं बोलले. लहानपणी बोर्डिंगात सिस्टर आग्नेस खोटं बोलणाऱ्या मुलीला रात्रीच्या जेवणाआधी गुडघ्यांवर बसवायची. माझे गुडघे आता तसेही गेलेले आहेत.

हरेशच्या घरच्यांनी आपली त्राटिका मागितली आहे. ज्या घराचं सोंग नेमल्या दिवशी निघत नाही, ते सोंग दुसऱ्या घराकडे जातं, आणि मग कायमचं जातं. हे तुला ठाऊक आहे. नियम मी केलेला नाही. हरेश पोरगा चांगला आहे, नाचेलही चांगला. पण तुझा बाप ज्या वर्षी तापाने फणफणत होता, त्या वर्षीही तो त्राटिका घेऊन गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला होता. डॉक्टरला म्हणाला, "साहेब, मी नाय गेलो, ती गेली."

पुण्याला मी पाऊल ठेवणार नाही, हे तुला माहीत आहे. पार्सलने पाठव. नीट गुंडाळ, उजव्या कानाचा आधीच टवका गेलेला आहे.

आत्या


जव्हार, १६ मार्च २०२५

योगिता,

खोकं मिळालं. बांधलं चांगलं होतंस. हे तुला मी शिकवलं.

उघडताना उमेश आणि मंजुषा दोघंही होती. उमेशने नारळ फोडला. मी मुखवट्याच्या तोंडाला हात लावला नाही, आपल्याकडे बाई लावत नाही. उमेशने उचलून समोर धरला. तोच लाल रंग, तीच बाहेर आलेली जीभ, डोळ्यांखालचे ते पांढरे पट्टे, कानाचा टवकासुद्धा. मंजुषा म्हणाली, "जरा उजळ वाटते, नाही का?" उमेश म्हणाला, "पुण्याची हवा लागली असंल." आणि दोघं हसली.

मी म्हटलं, उलटा कर. अस्तर बघू दे.

मुखवट्याच्या तोंडाला बाईचा हात लागत नाही, पण आतल्या अस्तराला घरच्या लेकीचाच हात लागावा लागतो. नाचणाऱ्याच्या कपाळाला, नाकाला घासू नये म्हणून आत कापडाच्या घड्या असतात. घामाने त्या कुजतात, म्हणून दर वर्षी उसवलेलं पाहून शिवायचं. माझ्या आत्याने शिवलं, मग मी. घर सोडून बोर्डिंगात गेले, नोकरी केली, लग्न केलं नाही, गावाने जे बोलायचं ते बोललं, पण शिमगा झाला की नवसू मुखवटा उलटा धरायचा आणि मी शिवायची. सिस्टर आग्नेसने शिकवलेली उलटी टीप. तिला एक टाका मोठा दिसला तरी ती सगळी ओळ उसवायला लावायची. तेव्हा मला तिचा तिरस्कार वाटायचा. पुढे कळलं की ती टीप घामाने सुटत नाही.

मी चष्मा डोळ्यांवर चढवला. तो साखळीने गळ्यातच असतो, नोकरीच्या पहिल्या दिवसापासून. आत पाहिलं. आत स्पंज होता. पिवळा, भांडी घासायचा असतो तसा, आणि डिंकाने चिकटवलेला.

तुझी चिठ्ठी स्पंजखाली निघाली. 'आत्या, हा मी केला आहे, गावासाठी. जुना माझ्याकडेच राहील. तो मला कधी घालायला मिळणार नव्हता. निदान जवळ असू दे. कुणाला कळणार नाही.'

मला कळलं.

मी उमेशला काही बोलले नाही. म्हटलं, अस्तर खराब झालंय, शिवावं लागेल, माझ्याकडे राहू दे. तो बिचारा मोखाड्याला पंचायत समितीत कारकुनी करतो, त्याला सगळ्या गोष्टींना सही लागते असं वाटतं. म्हणाला, "ठेवा आत्याबाई, तुमचाच हाय."

आता तो इथे टेबलावर आहे आणि माझ्याकडे बघतोय. कचेरीत पोरं मला पाठीमागे त्राटिका म्हणायची. त्यांना वाटायचं मला माहीत नाही. मला आवडायचं.

तू चोर आहेस. याहून सौम्य शब्द मला सुचत नाही.

आत्या


जव्हार, ३० मार्च २०२५

योगिता,

आज पाडवा. गुढी उभी केली, उतरवली. श्रीखंड मंजुषाने आणून दिलं.

तुझं नवीन वाचलं. 'जुन्या गोष्टी जपायच्या म्हणजे त्या आपल्या उशाशी ठेवायच्या.' 'हा मुखवटा माझ्या रक्तात आहे.' 'मी स्वतःच्या हाताने कागद भिजवला, चिंचोक्याची खळ केली, एकावर एक थर दिले आणि त्या प्रत्येक थरात मी मला सापडत गेले.' खाली लोकांनी हृदयं पाठवली आहेत. त्यातल्या एकालाही चिंचोक्याच्या खळीचा वास माहीत नसेल.

एक गोष्ट लिहायची नव्हती, पण लिहिते. स्पंज मी ब्लेडने खरवडून काढला. आतून काम पाहिलं. बाहेरून रंगाने कोणीही डोळ्यांत धूळ फेकेल, पण आत तू थरांच्या कडा घासून एकजीव केल्या आहेस. नाकाच्या आत बोट फिरवलं, कुठे खरखर नाही. जिथे कोणी बघणार नाही तिथे तू काम चोख केलं आहेस. सिस्टर आग्नेस असती तर काही बोलली नसती. ती काही बोलली नाही की मुली वर्षभर सांगत फिरायच्या.

याचा अर्थ तू नोकरी सोडलीस ते बरोबर केलंस असा नाही. रात्रपाळी सोसून, रोग्यांचं करून हे सुट्टीत करता आलं असतं.

अस्तर शिवलं. माझी निळी सुती साडी होती, निरोपसमारंभाला नेसलेली, ती फाडली. उलटी टीप. बोटं आता तेवढी चालत नाहीत, दोन ओळी उसवून पुन्हा घातल्या.

काय करायचं ते मी ठरवलं आहे. तुला आत्ता सांगणार नाही.

आत्या


जव्हार, २० एप्रिल २०२५

योगिता,

बोहाडा झाला. फोटो शोधू नकोस. मंजुषाला मी काढू दिला नाही.

सोंगं निघायच्या आदल्या दिवशी सगळे मुखवटे देवीसमोर मांडतात. लक्ष्या बाबा एकेकाला कुंकू लावत आले. त्राटिकेपाशी आले तेव्हा मी म्हटलं, "बाबा, थांबा. हा नवा आहे."

उमेशचं तोंड पाहण्यासारखं झालं.

"नवा? कोणी केला?"

"नवसूच्या योगितानं."

"पोरीनं?"

"नवसूने मागे ती एकच ठेवली. दुसरं कोण करणार?"

संबळवाल्या तुकाने काठी खाली ठेवली. मागून हरेशचा चुलता म्हणाला, "बाईचा हात लागला तोंडाला. हे चालंल का?" मी त्याच्याकडे वळून म्हटलं, "हात लागला नाही, हातानेच झालंय. नाही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा सगळे, मोठ्याने. मला शेवटची जीप पकडायची आहे." दोन-तीन बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

लक्ष्या बाबांनी मुखवटा उचलला, हात लांब करून धरला, जवळ घेतला, पुन्हा लांब. ते आता जवळून बघतात तेव्हा वास घेतल्यासारखे बघतात. मग म्हणाले, "जीभ बरोबर हाय. नवसू गेला, पण पोरीनं जीभ सोडली नाय." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "जीभ तुमच्या घरात बायांकडंच हाय म्हणा." आणि कुंकू लावलं.

झालं एवढंच. गेल्या वर्षी जे हसले होते, ते तुझ्या हातच्या मुखवट्याला वाकून पाया पडले. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता उमेश तो चढवून गल्लीतून गेला. नाचताना तो कारकूनच वाटतो, पण मुखवटा वाटत नव्हता. गावातल्या मालूने तिचं तान्हं त्याच्या पायाशी ठेवलं. सोंगाने ते उचलून तिच्या हातात परत दिलं. आपल्या घरची त्राटिका आपल्या घरी राहिली. हरेशच्या घरचे येऊन जेवून गेले.

तुला वाटेल म्हातारी बदलली. थांब.

मी तो गुपचूप निघू दिला असता तर कुणाला कळलं नसतं, तुझं बरोबर होतं. तुझी लबाडी चालून गेली असती. मी सगळ्यांसमोर सांगितलं याला कारण आहे, आणि ते तुला माहीत असणं शक्य नाही. तुझ्या आजोबांच्या तरुणपणानंतर आपल्या घरात नवा मुखवटा निघालाच नव्हता. तेव्हा मी परकरात होते, पण मी पाहिलं आहे.

नवं तोंड गल्लीतून फिरलं की जुनं उतरलं. त्यात आता काही नाही. ते घरात ठेवत नाहीत, विकत नाहीत, भिंतीवर टांगत नाहीत. घरच्या माणसाने ते स्वतःच्या हाताने दाभोशाच्या डोहात सोडायचं. दुसऱ्याने सोडलेलं चालत नाही. पाऊस लागायच्या आत.

म्हणजे जो मुखवटा तुला उशाशी हवा म्हणून तू चोरलास, तो तूच उतरवलास. स्वतःच्या हाताने, एवढा चांगला करून. तू थोडा वाईट केला असतास तर लक्ष्या बाबांनी तो परत केला असता आणि जुना राहिला असता.

हे मी तुला पाडव्याच्या पत्रात लिहू शकले असते. लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तू धावत येऊन नवा परत मागितला असतास आणि जुनाच पुन्हा माळ्यावर गेला असता. तुला तुझ्या हातचं चालतंय का ते बघायचं होतं ना. चाललं. त्याची किंमत ही.

पोलीस येणार नाहीत. तुझ्या गच्चीवर कोणी बघायला येणार नाही. तुझ्या घराखालचा तो इस्त्रीवाला म्हणाला, वर ताई लोक दिवसभर काहीतरी ठोकत असतात, रंगाचे हात घेऊन जिना उतरतात आणि कठड्याला लावतात. हे मी त्याला कधी विचारलं ते महत्त्वाचं नाही. पण तुमचा जिना अंधारा आहे, दिवा लावून घ्या.

'माझ्या रक्तात आहे' असं तू लिहिलं होतंस. असेल तर हे सोडणंही असेल.

मी डोहावर येणार नाही. वाट बघत बसायला मला वेळ नाही.

आत्या


जव्हार, ११ मे २०२५

योगिता,

दाभोशाची गोदी बाजाराला आली होती. तिचं घर डोहाच्या वाटेवर आहे. करवंदं विकता विकता म्हणाली, "बाई, तुमची पोर आली व्हती ना?"

मी म्हटलं, आली होती. मला माहीत नव्हतं.

"एकलीच व्हती. सकाळची जीप धरून आली. पाठीवर मोठी पिशवी. मी म्हटलं बाय, पाणी पी. म्हणाली परत येताना."

"परत येताना प्यायली का?"

"प्यायली. दोन तांबे प्यायली. जेव म्हटलं तर नाय म्हणाली. डोळे लय सुजले व्हते बाई तिचे. कोणी वारलं का पुण्यात?"

मी म्हटलं, कोणी नाही गेलं.

म्हणजे तू जव्हारवरून गेलीस. बसस्थानकावर उतरलीस, तिथूनच दाभोशाची जीप धरलीस, तिथेच परत आलीस. माझं घर बसस्थानकापासून किती लांब आहे हे तुला माहीत आहे, शाळा स्थानकाला लागूनच, आणि तू घंटा झाल्यावर घरून धावत निघायचीस. तरी आली नाहीस. बरं केलंस. मी तुला काय बोलले असते ते मला माहीत आहे, आणि तुलाही.

त्या दिवशी मी घरीच होते. त्या दिवसांत मी रोजच घरी होते.

गोदी अजून एक गोष्ट म्हणाली. म्हणाली, तू आधी खडकावर बसलीस, मुखवटा मांडीवर उलटा घेतलास आणि कात्रीने आतलं काहीतरी बराच वेळ कापत होतीस. फाडलं नाहीस, एकेक टाका कापलास. मग ते कापड घडी करून पिशवीत ठेवलंस आणि मुखवटा पाण्यात सोडलास. "लगेच नाय बुडला," गोदी म्हणाली. "जरा वेळ वर बघत व्हता. मंग गेला."

मी तिच्याकडून सगळी करवंदं घेतली. एवढी करवंदं मी खात नाही.

ते अस्तर जुन्या पांढऱ्या धोतराचं आहे, तुझ्या आजोबांच्या. वरच्या घड्या माझ्या साड्यांच्या. कपाळापाशी तपकिरी डाग आहे तो घाणीचा नाही, तुझ्या बापाच्या घामाचा आहे. तो निघणार नाही, घासू नकोस. मशीनमध्ये टाकू नकोस. साध्या साबणाच्या कोमट पाण्यात भिजव, पिळू नकोस, सावलीत वाळव. डाव्या बाजूला एक ओळ वाकडी आहे. त्या वर्षी तू माझ्याकडे नवीन आली होतीस आणि रात्रभर रडत होतीस, मला शिवताना दिव्याकडे नीट बघता येत नव्हतं. ती ओळ मी उसवली नाही.

पुढच्या शिमग्यानंतर नव्या मुखवट्याचं अस्तर बघावं लागेल. निळी साडी पातळ होती, एक वर्ष टिकली तर टिकली. माझ्या बोटांचा आता भरवसा नाही. घरच्या लेकीचाच हात लागतो, आणि घरात लेकी दोनच आहेत.

उलटी टीप तुला येत नाही. स्पंज चिकटवणाऱ्या बाईला कुठून येणार. शिकायची असेल तर बसस्थानकावर उतरल्यावर सरळ जीप धरू नकोस.

आत्या